नकार कोणाचा

आमच्या शिवणकारखान्यात तिला सगळे कटिंगताई म्हणायचे, मालकसुद्धा. खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं आणि तेव्हा ओ द्यायला ती हमखास विसरायची. आम्ही शाळांचे गणवेश, कामगारांचे डगले, अ‍ॅप्रन असं शिवायचो. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूने आखायचं आणि विजेवर चालणाऱ्या उभ्या पात्याने सगळे थर एकदम कापायचे, हे तिचं काम. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा, कानामागे खडू. पातं एकदा कापडात शिरलं की माघार नाही. चूक झाली तर ती एका सदऱ्याची नसते, अख्ख्या गठ्ठ्याची असते. माझं मशीन तिच्या टेबलासमोर होतं. त्यामुळे तिच्या तोंडापेक्षा तिचे हातच मी जास्त पाहिलेत.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ती डोळे मिटून ओठ हलवायची. देवावर तिचा विश्वास होता, पण त्याचा गाजावाजा नव्हता. भिंतीला टेकताना आपण भिंत आहे का ते वळून बघत नाही, तसा तो विश्वास होता.

तिच्या घरची हकीगत तिने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली होती. वडील लवकर गेले. मोठा भाऊ, तिचा दादा, बस चालवायचा आणि घरही तोच चालवायचा. कटिंगताई तरुण असताना एका दूरच्या शहरात, कपड्यांचे साचे बनवायला शिकवणाऱ्या संस्थेत तिची निवड झाली होती. सामानाची पेटीही भरून झाली होती. तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली. दादाचं नुकतंच लग्न झालेलं, त्याचं बिऱ्हाड शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो आला, आईच्या उशाशी बसला आणि म्हणाला की तुझं जाणं देवाच्या मनात नाही, असतं तर आई आताच पडली नसती. कटिंगताईने पेटी रिकामी केली. आईचं सगळं तिने केलं, शेवटपर्यंत केलं. आई गेली तेव्हा शिकायचं वय निघून गेलं होतं. साचे बनवायला निघालेली बाई दुसऱ्याच्या साच्यांवर कापत राहिली. याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. देवाच्या मनात नव्हतं, एवढंच म्हणायची, आणि म्हणताना खरंच तसं समजायची.

मग दादाच्या किडन्या गेल्या. आधी पाय सुजायला लागले, मग बस सुटली, मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं की कुणी जवळच्याने एक किडनी दिली तर माणूस पुन्हा उभा राहील. वहिनीला साखरेचा त्रास, तिची चालणार नव्हती. मूलबाळ नव्हतं. राहता राहिली कटिंगताई. तपासण्या झाल्या आणि अशा जुळल्या की तपासणारा मुलगाही म्हणाला, जुळ्यांचंसुद्धा इतकं जुळत नाही कधीकधी.

त्या दिवसापासून तिच्या घरी माणसांची ये-जा सुरू झाली. गंमत अशी की तिला कुणी विचारलं नाही. सगळे आभारच मानायला आले. वहिनी आली, तिच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "वन्सं, देवाने तुम्हाला दोन दिल्या त्या काही उगाच नाही." कटिंगताईने चहा केला. वहिनी काम उरकलेल्या माणसासारखी निवांत बसून चहा प्यायली. ऑपरेशन कधी, सुट्टी किती काढायची, घरी कुणी राहायचं, सगळं तिनेच ठरवून टाकलं.

मग मामा आले. हे आईचे भाऊ, निवृत्त शिक्षक. प्रार्थनाघरात प्रवचन करायचे आणि घरातही बहुतेक वेळ तेच करायचे. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की हे सगळं आधीच ठरलेलं आहे. "ज्याने तुला दादाच्या पाठीवर जन्माला घातलं, त्याने हा दिवस बघूनच घातलं."

मामांनी हे प्रेमाने म्हटलं होतं, आणि तेच वाक्य तिला सलत राहिलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात कापडाचे थर अंथरता अंथरता ती एकदम थांबली आणि मला म्हणाली, "म्हणजे मी काय सुटा भाग? गाडीबरोबर जास्तीचं चाक देतात तशी?"

किडनीचं मला अजून काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, कसलं चाक? मग तिने सगळं सांगितलं. सांगताना ती कापडावरच्या सुरकुत्या हाताने सपाट करत होती आणि सपाट झालेल्याच पुन्हा सपाट करत होती.

तेव्हापासून तिला चैन पडेना. एक गोष्ट तिला आतून कुरतडायला लागली. देवाला सगळं माहीत असतं, हे ती लहानपणापासून म्हणत आलेली. म्हणजे मी किडनी देणार की नाही हेही त्याला माहीत आहे. आज नाही, मी जन्मायच्या आधीपासून. मग मी ठरवायचं ते काय? उत्तर आधीच लिहिलेलं असेल तर मला पेपर कशाला दिलाय?

मी तिला म्हटलं, एवढा विचार करू नये, डोकं फिरतं. ती म्हणाली, फिरलंच आहे, आता कुठे थांबतंय ते बघायचं.

ती देवाला चकवायला लागली. हे ऐकून हसू येईल. मलाही आलं होतं. चहाचा कप तोंडाशी नेऊन ती खाली ठेवायची आणि पाणी प्यायची. रस्त्याने चालता चालता मधेच उलटी फिरायची. एकदा भलत्याच बसमध्ये चढली आणि शहराबाहेरच्या विटांच्या ढिगाऱ्यांपाशी उतरली. तिथे तिचं काही काम नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. तिथल्या दगडावर बसून तिच्या लक्षात आलं की मी इथे येऊन बसणार हेही त्याला माहीतच असणार. परत येताना बस मिळेना. धुळीने भरलेले पाय घेऊन घरी पोचली तेव्हा रागाने नुसती धुमसत होती. "लपाछपी खेळावी तर दुसऱ्या माणसाने डोळे तरी मिटले पाहिजेत ना," असं मला म्हणाली.

कामावरही परिणाम झाला. एका सकाळी निळ्या गणवेशाचा जाडजूड गठ्ठा आखून तयार होता. तिने मोजा चढवला, मशीन पुढे घेतलं आणि बटणावर अंगठा ठेवून उभी राहिली. उभीच राहिली. शिलाईवाल्या आम्ही सगळ्या कापलेल्या मालाची वाट बघत होतो. शेवटी मी उठून जवळ गेले. ती हळूच म्हणाली, "दाबणार आहे हे त्याला माहीत आहे. मग मी दाबतेय की तो?" मी तिच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून बटण दाबलं. पातं घरघरलं. "आता मी दाबलं," असं मी म्हटलं. तिला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात एक भेट असते. तिथे देणाऱ्या माणसाला एकट्याला आत घेतात. वहिनी बरोबर आली होती, तिला बाहेर बसवलं. खोली लहान होती. टेबलावर किडनीचा प्लास्टिकचा नमुना, मधोमध उघडणारा. समोर एक डॉक्टरीण, वयाने कटिंगताईपेक्षा लहान. तिने दार लावलं, हात धुतले, खुर्ची टेबलाच्या पलीकडून ओढून अलीकडे आणली आणि विचारलं, "तुम्हाला द्यायची आहे का?"

कटिंगताई मला नंतर म्हणाली, त्या प्रश्नाने मला आधी घामच फुटला. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. देवानेसुद्धा नाही.

डॉक्टरीण समजावून म्हणाली, "घाई नाही. आणि नाही म्हणालात तर ते या खोलीबाहेर जाणार नाही. आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की तुम्ही दाता म्हणून योग्य नाही. कारण सांगायला आम्ही बांधलेले नाही. कुणाला कळणार नाही."

कुणाला कळणार नाही, हे ऐकून कटिंगताईच्या मनात पहिला विचार आला तो असा, की एकाला तर आधीच कळलंय. तिने तो प्लास्टिकचा नमुना उचलला, उघडला, मिटला. मग ती म्हणाली, "नाही."

डॉक्टरणीने पुन्हा विचारलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला.

का नाही म्हटलं, हे मी तिला विचारलं होतं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की तिलाच धड ठाऊक नाही. सुरीची भीती होती. दादावरचा राग होता, जो आपल्याला नाहीच असं तिला वाटायचं. आणि नाही म्हणता येतं का, हे बघायचं होतं. या तिघांतलं नेमकं कोण बोललं, कुणास ठाऊक. "पण तोंड माझं होतं," ती म्हणाली.

बाहेर वहिनीला तेवढंच सांगितलं गेलं, योग्य नाही. वहिनी तिथेच बाकावर बसून रडली आणि वर कटिंगताईलाच धीर देत राहिली की तुमच्या तब्येतीत काही निघालं असेल, वन्सं, काळजी घ्या. त्या धीराने कटिंगताई अर्धमेली झाली. तरी त्या दिवशी घरी जाऊन ती गाढ झोपली. मला म्हणाली, वाटलं सुटले.

सुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण शांत. त्याने तिची चौकशी केली, जेवलीस का विचारलं आणि मग म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. देवाच्या मनात नव्हतं."

तेच वाक्य. आईच्या उशाशी बसून म्हटलेलं, शब्दाला शब्द. फोन ठेवल्यावर ती किती वेळ नुसती घरभर फिरत राहिली. भांडी घासायला घेतली, अर्धी टाकली. खिडकी उघडली, लावली. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःच्या तोंडाने एक मोठी गोष्ट ठरवली होती. चांगली नसेल, वाईट असेल, पण तिची होती. आणि तीही उचलून देवाच्या खात्यावर टाकली गेली. चोरी आपण करायची आणि नाव दुसऱ्याचं लागायचं, यात बरं वाटायला हवं होतं. तिला मात्र लुबाडल्यासारखं वाटलं.

शनिवारी दुपारी ती डायलिसिसच्या जागी गेली. लांब हॉल, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक मशीन आणि प्रत्येक मशीनला एक माणूस जोडलेला. दादाच्या हातातून रक्त नळीने बाहेर जात होतं आणि दुसऱ्या नळीने परत येत होतं. वहिनी खाली काहीतरी खायला गेली होती. कटिंगताईने स्टूल ओढलं आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं.

"दादा, जुळत होतं. सगळं जुळत होतं. मला विचारलं, देणार का. मी नाही म्हटलं. देवाने नाही. मी."

दादाला उठता येत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती. त्याने मान दुसरीकडे केली. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ झोपेचं सोंग घेऊन ऐकत होते.

शेवटी त्याने विचारलं, "मग सांगतेस कशाला? मला ठाऊक नसतं तर बरं नव्हतं का?"

"तुला बरं होतं. मला नव्हतं. माझा नकार तू त्याच्या नावावर घातलास."

दादाने मान वळवली. तिला वाटलं होतं की तो आता ओरडेल, निदान रडेल. पण तो तिच्याकडे, आपण एखाद्या नव्या माणसाकडे बघतो तसा बघत होता. मग म्हणाला, "तेव्हाचंही असंच होतं. तुझी पेटी भरलेली होती तेव्हाचं. देवाच्या मनात काय होतं ते मला काय माहीत? माझ्या मनात नव्हतं. आईचं करायला मला कुणीतरी हवं होतं. एवढं तोंड वर करून सांगायची लाज वाटली, म्हणून त्याचं नाव घेतलं."

वहिनी वर आली तेव्हा दोघंही गप्प होती. तिला वाटलं, भावंडं दुःखात आहेत. तिला कटिंगताईने जिन्यात गाठून सांगितलं. वहिनीने शिवी दिली नाही, शाप दिला नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका.

दारात नाही टाकलं. पण डायलिसिसचा हॉल वहिनीचा नव्हता. कटिंगताई दर शनिवारी जायला लागली आणि त्या वेळात वहिनी मुद्दाम खाली बसायला लागली. तिथे त्या दोघांचं भांडण सुरू झालं. पैशाचं नाही, जमिनीचं नाही. देवाचं. शेजारचे झोपेचं सोंग घेणारे गृहस्थ आता उघड्या डोळ्यांनी ऐकायचे. कटिंगताई सोमवारी कारखान्यात आली की मला सगळं इत्थंभूत सांगायची, त्यामुळे मीही त्यात असल्यासारखीच होते.

दादा म्हणायचा, माहीत असणं वेगळं आणि करायला लावणं वेगळं. "माझ्या मार्गावर शाळेच्या पुढच्या थांब्यावर एक म्हातारा असायचा. पिशवी उजव्या हातात, म्हणून डावा हात वर करायचा. वळण घेण्याआधीच मला माहीत असायचं की आता हात वर होणार. मग त्याचा हात काय मी वर केला?"

आठवडाभर कटिंगताईच्या डोक्यात तो म्हातारा फिरत राहिला. साचे लावताना ती त्याच्याशी बोलायची. पुढच्या शनिवारी ती उत्तर घेऊनच गेली. "म्हातारा तू घडवला होतास का? रस्ता तू आखला होतास? त्याच्या पिशवीत सामान तू भरलं होतंस? नाही ना? तू नुसता बघणारा. देवाने म्हातारा घडवला, हात घडवला, आणि तो हात कधी वर होणार हे ठाऊक असून घडवला. मग ते करायला लावणं नाही तर काय?"

दादा म्हणाला, "हे मामांना विचार."

"विचारलं. ते म्हणाले, बाईमाणसाने इतकं खोलात जाऊ नये, चक्कर येते."

दोघंही हसली. आजारपण सुरू झाल्यापासून दादा पहिल्यांदाच मोकळा हसला, आणि नर्सने येऊन नळ्या हलतात म्हणून दटावलं.

एकदा तिने जरा चिडूनच विचारलं की तो सर्वशक्तिमान आहे ना, मग मी नाही म्हणत होते तेव्हा त्याने माझी जीभ का धरली नाही? त्याला काय अशक्य होतं?

दादा म्हणाला, "मी धरली होती तुझी जीभ. काय मिळालं?"

मला सांगताना ती तिथे आली की थांबायची.

आणि एकदा, कारण नसताना, तो स्वतःहून त्या म्हाताऱ्याबद्दल बोलला. एके सकाळी म्हातारा थांब्यावर उभा होता, पिशवी होती, पण हात वर केला नाही. दादाने तरीही बस थांबवली. म्हातारा म्हणाला, आज चालत जाणार आहे. "मी चुकलो होतो. देव चुकत नसेल. पण त्या दिवशी मला दिवसभर बरं वाटलं. का ते कळलं नाही. कुणाला सांगितलंही नाही."

असं करता करता वर्ष उलटलं. दादा वाळत चालला होता. कटिंगताईचं मन पुन्हा अस्वस्थ झालं, पण आता वेगळ्या तऱ्हेने. एका सकाळी माझ्या मशीनपाशी येऊन ती मला म्हणाली की ती किडनी द्यायचं ठरवतेय. कुणी आलं नव्हतं, कुणी गळ्यात पडलं नव्हतं. पश्चात्ताप म्हणूनही नाही, असं तिने दोनदा बजावलं. "वाटतंय, द्यावी. बस."

ती दादाकडे गेली आणि तसं म्हणाली. आणि दादा म्हणाला, "नको."

तिला आधी कळलंच नाही. मग ती भडकली. रागाने म्हणतोस का, सूड घेतोस का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, तसं काही नाही. त्याचं हृदय आता ऑपरेशन सोसेल अशी डॉक्टरांची खात्री नव्हती, पण नाहीही म्हणाले नव्हते. निम्मं निम्मं होतं. निम्म्यावर तुझं पोट फाडायला मी तयार नाही, असं तो म्हणाला. ती म्हणाली, ते मी ठरवीन. तो म्हणाला, द्यायचं तू ठरव, घ्यायचं मी ठरवतो. "आणि हे बघ, देवाला मधे घालत नाहीये मी. सरळ सांगतोय. मला नको."

वहिनीला हे कळलं तेव्हा तिचा जिन्यातला अबोला सुटला. ती हॉलमध्ये येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "एकाच मुशीतली दोघं. हिला देता येत होतं तेव्हा द्यायचं नव्हतं, आता याला घ्यायचं नाही. आणि मधल्या मधे मी मरतेय, त्याचं कुणाला काही आहे?" शेजारच्या गृहस्थांनी खाली बघितलं.

कटिंगताईने दादाला विनवण्या केल्या. डॉक्टरणीला सांगायला लावलं. मामांना पाठवलं. मामा म्हणाले की देवाची इच्छा असेल तर तो घेईल. हे ऐकल्यावर दादा आणखीनच हट्टाला पेटला, असं तिचं म्हणणं. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडायची. एखाद्याने आपलं ऐकू नये, याचा त्रास काय असतो तो तिला आता कळला. मला म्हणाली, देवाला माझ्या नकाराचं असंच झालं असेल का गं? थांबवता येत असून न थांबवायचं म्हणजे काय असेल? मग स्वतःच म्हणाली, जाऊ दे, मला तर थांबवताही येत नाही.

पुढच्या थंडीत दादाला जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला. सकाळी गेला, उन्हं वर आली होती. वहिनी जवळ होती. कटिंगताई टेबलावर कापड अंथरत होती. फोन आला तेव्हा ती अर्धवट अंथरलेल्या थरावरच बसली. त्यावर कधी कुणी बसत नाही.

दादाच्या घरी लोक भेटायला आले, तेव्हा मी तिच्याबरोबर गेले होते. वहिनीने दारात अडवलं नाही, या म्हणालीही नाही. खोली भरलेली. दादाबरोबरचे बसचालक भिंतीशी उभे होते, गणवेशातच. मामा बोलायला उठले. ते चांगलं बोलले, दादाच्या स्वभावाबद्दल, त्याच्या श्रद्धेबद्दल. आणि शेवटी म्हणाले की आपण दुःख का करायचं, त्याचा दिवस ठरलेला होता, जन्मायच्या आधीपासून ठरलेला होता, कुणी काही करू शकलं नसतं.

कटिंगताई उभी राहिली. मी तिचा हात धरला होता, तो तिने सोडवला.

"ठरलेलं नव्हतं, मामा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं. नंतर त्याला विचारलं, तो नाही म्हणाला. दोन्ही वेळा होय म्हणता आलं असतं. देवाला आधी माहीत असेल तर असो, मी त्याच्या डोक्यात शिरून बघितलेलं नाही. पण केलं आम्ही. ते आमच्याकडे राहू द्या."

अर्ध्या लोकांना तिचा नकार माहीतच नव्हता, तो त्यांना तिथे कळला. कुणीतरी पुटपुटलं. मामा खाली बसले, एकदम म्हातारे दिसायला लागले. कटिंगताई चप्पल न घालताच जिना उतरली. मी तिच्या चपला हातात घेऊन मागे धावले.

मला वाटलं होतं, आता ही प्रार्थना सोडून देईल. तिने सोडली नाही. जेवणाच्या सुट्टीत अजूनही ओठ हलतात, फक्त आता कपाळाला आठी असते. मी एकदा विचारलं, काय म्हणतेस त्याला? ती म्हणाली, भांडते. आधी मागायचे, आता भांडते. तो ऐकतो का ते माहीत नाही, पण भांडायला समोरचा आपल्यासारखाच मोकळा लागतो, तेवढं धरून चालते.

वहिनीचं मात्र तिला लागून राहिलं होतं. काही महिन्यांनी ती मनाचा हिय्या करून एका रविवारी तिच्याकडे गेली. दादाच्या खोलीतला पलंग काढून टाकला होता, तिथे भिंतीवर पलंगाच्या उंचीची रेघ उरली होती. वहिनीने पाणी दिलं. कटिंगताईने माफी मागितली. मामांनी आदल्या आठवड्यातच येऊन वहिनीला सांगितलं होतं की माफ कर, देव क्षमाशील आहे, त्याने तिला केव्हाच माफ केलं असणार.

वहिनी म्हणाली, "त्याने केलं असेल. मी केलेलं नाही. मामा सांगतात म्हणून करणार नाही, आणि ठरलेलं आहे म्हणून तर मुळीच नाही. करायचं तेव्हा मी करीन, वन्सं. नाही केलं तर तेही माझंच."

कटिंगताई मला हे सांगत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण आणखीही काहीतरी होतं. तिच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी देवाच्या आड न लपता तिच्याशी बोललं होतं. ती दर रविवारी वहिनीकडे जाते. भाजी निवडून देते, दिवा बिघडला तर बदलून देते, औषधं आणून देते. वहिनी पाणी देते. परवा रविवारी काय झालं म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, अजून माफ नाही केलं. पण निघताना वहिनीने विचारलं, पुढच्या रविवारी येणार का. मी तिला म्हटलं, बघते.